फुटबॉल पंचांची नेमणूक कशी होते, आणि सांगली-साताऱ्याचे अर्ज कुठे अडतात

दर हंगामाच्या सुरुवातीला मिरजेच्या मैदानावर दोन-तीन पोरं मला गाठतात आणि एकच प्रश्न विचारतात. "सर, आयएसएलच्या मॅचला रेफ्री व्हायचं असेल तर अर्ज कुठं करायचा?" आयएसएल म्हणजे इंडियन सुपर लीग, देशातली व्यावसायिक लीग. तिथे तसा अर्ज नसतो. सामन्यावर पंच नेमला जातो, पंच सामना मागत नाही. अर्ज असतो तो पंचांच्या यादीत येण्यासाठी. एकदा यादीत आलात की पुढचं सगळं तुमच्या श्रेणीवर, तुमच्या अहवालांवर आणि तुम्ही त्या दिवशी मोकळे आहात की नाही यावर ठरतं. हा फरक नीट न कळल्यामुळे चांगली धावणारी, चांगली नजर असलेली मुलं चुकीच्या दारात उभी राहतात. म्हणून आधी नेमणुकीबद्दल सांगतो, मग कागदांकडे येतो.

नेमणूक कोण करतं

ज्याची स्पर्धा, त्याची नेमणूक. जिल्ह्याच्या लीगचे पंच जिल्हा संघटना ठरवते. राज्याच्या स्पर्धांचे पंच वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन, म्हणजे आपण ज्याला विफा म्हणतो ती मुंबईची राज्य संघटना ठरवते. देशपातळीवर १९३७ साली स्थापन झालेला अखिल भारतीय फुटबॉल महासंघ आहे, त्याच्या वर आशियाची फुटबॉल संघटना एएफसी आणि सगळ्यात वर जगाची फिफा. व्यावसायिक लीगचे सामने महासंघाच्या पंच विभागाकडून दिले जातात. क्लब, लीगचे प्रायोजक किंवा मैदानाचा मालक यांचा त्यात हात नसतो आणि नसायलाच हवा.

एका सामन्याला साधारण चार जण लागतात: मुख्य पंच, दोन सहायक पंच म्हणजे आपले जुने लाइन्समन, आणि चौथा पंच. शिवाय पंचांच्या कामाला गुण देणारा निरीक्षक आणि सामना आयुक्त असतात, त्यांची नेमणूक वेगळी होते. नावं ठरवताना पहिली चाळणी सरळ असते. शारीरिक चाचणीत पास आहे का, श्रेणी पुरेशी आहे का, त्या तारखेला उपलब्ध आहे का? दुसरी चाळणी तटस्थपणाची. विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात फ्रान्स खेळत असेल तर फ्रेंच पंच तिथे दिसत नाही. २०२२ च्या अंतिम सामन्याला पोलंडचे शिमोन मार्चिनियाक होते, त्यांचे सहायकही पोलिश. देशातल्या लीगमध्येही हाच विचार राज्य, शहर आणि नातेसंबंध पाहून होतो. इंग्लंडमध्ये तर पंचाला स्वतःचा आवडता क्लब आधी जाहीर करावा लागतो आणि त्या क्लबचे सामने त्याला मिळत नाहीत. तिसरी चाळणी सामन्याच्या वजनाची. एकाच शहरातल्या दोन कट्टर संघांची लढत असेल तर नवख्याला तिथे टाकत नाहीत. त्याला आधी चौथा पंच म्हणून बसवतात, मग हलका सामना देतात. त्याच पंचाला त्याच संघाचे सामने सारखे लागणार नाहीत, हेही पाहिलं जातं.

नावं शेवटपर्यंत उघड का करत नाहीत, याचा पोरांना राग येतो. त्यांना मी २००६ चं इटलीचं प्रकरण सांगतो. युव्हेंटसचे महाव्यवस्थापक लुचिआनो मोज्जी आणि पंच नेमणारे अधिकारी यांची फोनवरची बोलणी बाहेर आली. कोणता पंच कोणत्या सामन्याला यावा यावर ती बोलणी चालत. युव्हेंटसला खालच्या श्रेणीत उतरवलं, दोन विजेतेपदं काढून घेतली. नेमणूक हातात आली की सामना हातात येतो, हे तिथे दिसलं. म्हणून जिल्ह्यातल्या एखाद्या पदाधिकाऱ्याला "मला अमुक मॅच द्या" म्हणून फोन करू नका. तो फोन तुमच्याच विरोधात नोंदला जाऊ शकतो.

कोणाकडेच नसलेला कागद

आधार, जन्मदाखला, दहावीचं प्रमाणपत्र, फोटो हे सगळ्यांकडे असतं. अर्ज अडतो तो सामन्यांच्या नोंदीवर. वरच्या श्रेणीची परीक्षा देताना तुम्ही आजवर किती सामने केले, कोणत्या स्पर्धेत, मुख्य पंच म्हणून की सहायक म्हणून, हे दाखवावं लागतं आणि त्यावर जिल्हा संघटनेची सही-शिक्का लागतो. आमच्याकडे मुलं पाच-पाच वर्षं शिट्टी वाजवतात आणि हातात एक कागद नसतो.

यात दोन अडचणी एकत्र येतात. पहिली, आपल्याकडचे बरेच सामने संघटनेच्या बाहेरचे. तालमीची स्पर्धा, एखाद्या मंडळाची सात-सात खेळाडूंची रात्रीची स्पर्धा, कॉलेजचा चषक. तिथे कष्ट तेवढेच, कधी शिव्या जास्तच, पण त्या स्पर्धेला जिल्हा संघटनेची मान्यता नसेल तर तो सामना तुमच्या खात्यात धरला जात नाही. दुसरी, मान्यता असलेल्या स्पर्धेतही सामन्याचा अहवाल लिहून द्यायचा आळस. मुख्य पंचाने अहवाल दिला नाही की सहायकांचाही सामना हवेत जातो.

मला एक मुलगा आठवतो, सांगलीचाच. चार हंगाम त्याने जिल्ह्याच्या लीगमध्ये झेंडा धरला. अर्जाच्या वेळी संघटनेकडे गेला तेव्हा जुन्या पदाधिकाऱ्यांची फाइल नव्यांना मिळालेली नव्हती. एकाने दुसऱ्याकडे पाठवलं, दुसऱ्याने पहिल्याकडे. तीन आठवडे गेले, मुदत गेली, वर्ष गेलं. ज्या माणसाने काम केलं आहे त्यालाच ते सिद्ध करायला लावायचं आणि नोंद मात्र दुसऱ्याने हरवायची, हे मला आजही सहन होत नाही. पण संताप करून त्याचं वर्ष परत आलं नाही. म्हणून मी आता पहिल्या दिवशीच प्रत्येकाच्या हातात दोनशे पानी वही देतो. तारीख, मैदान, संघ, निकाल, तुमची भूमिका, पिवळी आणि लाल कार्डं. सामना संपल्यावर तिथेच स्पर्धा सचिवाची सही घ्यायची, घरी गेल्यावर पानाचा फोटो काढून स्वतःलाच पाठवायचा. सहा महिन्यांनी वही घेऊन संघटनेत जायचं आणि एकत्रित पत्र मागायचं. वर्षाच्या शेवटी एकदम मागितलं तर मिळत नाही.

नावाचा घोळ

शाळा सोडल्याच्या दाखल्यावर आडनाव आधी, आधारवर शेवटी, बँकेत वडिलांचं नाव गायब. हा घोळ आपल्या घराघरात आहे. क्रम वेगळा असला तर बहुतेक वेळा निभावतं, स्पेलिंग वेगळं असलं तर निभावत नाही. पाटील इंग्रजीत दोन प्रकारे लिहिलं की ऑनलाइन नोंदणी आणि बँक खातं जुळत नाही, आणि मानधन अडकतं. लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींना तर विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्रातली नोंद जोडावीच लागते. राजपत्राला वेळ लागतो, अर्जाची जाहिरात यायची वाट बघत बसू नका. मुलींनो, या एका कागदासाठी मागे हटू नका. १ डिसेंबर २०२२ ला कोस्टारिका आणि जर्मनी यांच्या विश्वचषक सामन्यात मुख्य पंच स्तेफानी फ्रापार होत्या आणि दोन्ही सहायकही बाईच होत्या. पुरुषांच्या विश्वचषकात महिला मुख्य पंच ही तेव्हा पहिलीच वेळ.

तारीख नीट वाचा

वयाची अट कोणत्या तारखेला मोजली जाते ते आधी बघा. फिफाच्या यादीसाठी मुख्य पंचाला किमान २५ आणि सहायकाला किमान २३ वर्षं लागतात, आणि ती त्या वर्षाच्या १ जानेवारीला पूर्ण असावी लागतात. तुमचा वाढदिवस ३ जानेवारीला असेल तर ते वर्ष तुमचं नाही. फिफाचा बिल्ला कॅलेंडर वर्षापुरता असतो, जानेवारी ते डिसेंबर. आपला हंगाम तसा चालत नाही, म्हणून "हंगाम संपेपर्यंत आहे" असं समजणारे फसतात. आणि फिफाच्या यादीसाठी स्वतः अर्ज करता येत नाही, नाव महासंघानेच पाठवायचं असतं.

जिल्हा आणि राज्य पातळीच्या परिपत्रकात "अर्ज पोहोचण्याची अंतिम तारीख" असं लिहिलेलं असतं. आपली मुलं त्या दिवशी कुरिअर करतात. पोहोचणं आणि पाठवणं यात पलूसहून मुंबईपर्यंत दोन दिवसांचं अंतर आहे.

पळण्याची चाचणी

साताऱ्याच्या मुलांना इथे जास्त सांगावं लागतं. यवतेश्वरचा घाट चढणारी, हिल मॅरेथॉन पूर्ण करणारी मुलं पंचांच्या चाचणीत नापास होताना मी पाहिली आहेत. दम भरपूर असतो, पण चाचणी वेगाची असते. फिफाच्या पुरुष पंचांसाठी आधी ४० मीटरचे सहा स्प्रिंट, प्रत्येक ६ सेकंदांत, मध्ये एक मिनिट विश्रांती. एक चुकला तर सातवा मिळतो, दोन चुकले की संपलं. थोड्या मिनिटांच्या विश्रांतीनंतर दुसरा भाग: ७५ मीटर १५ सेकंदांत पळायचं, २५ मीटर १८ सेकंदांत चालायचं, असं ४० वेळा. म्हणजे ४०० मीटरच्या ट्रॅकवर दहा फेऱ्या. महिलांच्या आणि खालच्या श्रेणींच्या वेळा वेगळ्या असतात, त्या परिपत्रकातूनच घ्या. सहायक पंचांना याशिवाय दिशा बदलून पळण्याची चाचणी असते, कारण त्यांचं आयुष्य बाजूच्या रेषेवर आडवं पळण्यात जातं.

घाटात पळून हे येत नाही. मैदानावर शंकू ठेवा, शिट्टीचं ध्वनिमुद्रण लावा, आठवड्यातून दोनदा तेच करा. चालण्याच्या २५ मीटरमध्येही पुढच्या धावेचा पट्टा शिट्टीच्या आत गाठावा लागतो, तिथे आळस केला की पंचविसाव्या खेपेला पाय उचलत नाहीत.

वैद्यकीय दाखल्यावर डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक, शिक्का आणि अलीकडची तारीख हवी. गेल्या वर्षीचा दाखला तारीख खोडून दिलेला मी पाहिला आहे, अर्ज तिथेच फेटाळला गेला. आणि हा दाखला केवळ कागदासाठी काढू नका. हृदयाची तपासणी खरोखर करून घ्या. उन्हाळ्यात चाचणी असेल तर रात्रभर महालक्ष्मी एक्स्प्रेसमध्ये अर्धवट झोपून, उपाशीपोटी सकाळी ट्रॅकवर उतरू नका. एक दिवस आधी जा. नातेवाईक नसेल तर कोणाच्या खोलीवर राहा, पण आधी जा.

नियमांची परीक्षा

नियम १७ आहेत, ते आयएफएबी ही आंतरराष्ट्रीय संस्था ठरवते आणि दर वर्षी १ जुलैपासून नवी आवृत्ती लागू होते. मोठ्या भावाचं जुनं पुस्तक वाचून परीक्षेला बसणारे इथे जातात. उदाहरण घ्या. गोलरक्षकाने चेंडू हातात किती वेळ धरायचा? जुनं उत्तर ६ सेकंद आणि अप्रत्यक्ष फ्री किक. २०२५-२६ पासून ८ सेकंद आणि शिक्षा कॉर्नर किक, शेवटचे पाच सेकंद पंचाने हात वर करून बोटांनी मोजायचे. एका ओळीचा बदल, पण प्रश्न त्याच ओळीवर येतो.

मराठी माध्यमातल्या मुलांना इंग्रजी शब्द अडतात. फाउलच्या तीन पायऱ्या तरी तोंडपाठ ठेवा. केअरलेस म्हणजे निष्काळजी, फक्त फ्री किक, कार्ड नाही. रेकलेस म्हणजे समोरच्याच्या धोक्याची पर्वा न करता, पिवळं. एक्सेसिव्ह फोर्स म्हणजे गरजेपेक्षा जास्त ताकद लावून समोरच्याला इजेच्या तोंडी देणं, लाल. मैदानावर तुम्हाला हे बरोबर दिसतं, फक्त त्याचं नाव माहीत नसतं. नियमांचं पुस्तक आयएफएबीच्या अ‍ॅपवर फुकट आहे, कोणाला पैसे देऊ नका. व्हॉट्सअ‍ॅपवर "दोन दिवसांत रेफ्री सर्टिफिकेट" असं येतं तेव्हा एवढंच विचारा, की तुमची संघटना विफाशी संलग्न आहे का. नसेल तर त्या कागदावर कोणताही मान्यताप्राप्त सामना मिळणार नाही.

नोकरी करणाऱ्यांसाठी

पंचाला सामन्यागणिक मानधन आणि प्रवास मिळतो, ही पगाराची नोकरी नाही. जिल्हा परिषदेचे शिक्षक, पोलीस, एसटीतले कर्मचारी यांना कार्यालयाचं ना-हरकत पत्र लागतं. साहेब पत्र देतात ते एका सामन्याचं. अर्जाला लागतं ते पूर्ण हंगामाचं. पत्राचा मसुदा स्वतः लिहून न्या, त्यात हंगामाच्या सुरुवातीची आणि शेवटची तारीख घाला.

यादीत आल्यावर उपलब्धतेचा तक्ता भरायला सांगतात. मुलं उत्साहात सगळे दिवस मोकळे म्हणून लिहितात. मग गुरुवारी फोन येतो, शनिवारी गुवाहाटीला जायचं असतं, आणि त्याच दिवशी बहिणीच्या लग्नाची सुपारी असते. नेमणूक ऐन वेळी नाकारली की निरीक्षकाच्या अहवालापेक्षाही ती जास्त दिवस लक्षात राहते. सुपारी, यात्रा, परीक्षा, कारखान्याची पाळी, जे आधी ठाऊक आहे ते तक्त्यात आधीच लिहा. तुमचा भाऊ एखाद्या संघात असेल, तुम्ही स्वतः गेल्या वर्षी एखाद्या क्लबकडून खेळला असाल, तेही त्याच दिवशी कळवा. त्या संघाचा सामना तुम्हाला मिळणार नाही, पण बाकीचे मिळत राहतील.