कीबोर्ड ॲप आणि स्थान-गोपनीयता

स्मार्टफोनवरचे कीबोर्ड ॲप वापरणाऱ्याचा ठावठिकाणा कसा मिळवते आणि तो कुठे पोहोचू शकतो, यासंबंधीचा प्रश्न. फोनमध्ये देवनागरीची धड सोय नव्हती त्या काळात अनेक मराठी वापरकर्त्यांनी मिळेल तो कीबोर्ड उतरवून घेतला. परवानग्या वाचण्याच्या भानगडीत फारसे कोणी पडले नाही.

हवामान, जवळची हॉटेले, स्थानिक जाहिराती अशा कारणांसाठी कीबोर्ड लोकेशन मागतो. ते नाकारले तरी आयपी पत्त्यावरून (इंटरनेटवर जोडलेल्या फोनला मिळणाऱ्या क्रमांकावरून) शहराचा अंदाज लागतोच. अँड्रॉइडवर इंटरनेटची परवानगी न विचारताच मिळते. शिवाय नकाशात किंवा टॅक्सीच्या ॲपमध्ये पत्ता टाइप होतो तोही कीबोर्डमधूनच. नवा कीबोर्ड सुरू करताना अँड्रॉइड तसा इशारा देते: टाइप केलेला सगळा मजकूर, पासवर्डसुद्धा, हे ॲप गोळा करू शकेल. बहुतेक जण ‘ठीक आहे’ दाबून मोकळे होतात.

सर्वांत बोलके उदाहरण तेल अवीवच्या ‘एआय.टाइप’ या कीबोर्डचे. डिसेंबर २०१७ मध्ये क्रोमटेक या सुरक्षा संस्थेला त्याचा ५७७ जीबीचा डेटाबेस इंटरनेटवर सताड उघडा सापडला, पासवर्डच नव्हता. तीन कोटी दहा लाखांहून अधिक अँड्रॉइड वापरकर्त्यांच्या या नोंदींत नाव, फोन नंबर, ईमेल, आयएमईआय क्रमांक (प्रत्येक फोनचा स्वतंत्र ओळख क्रमांक) असे बरेच काही होते, आणि काहींचे चक्क अक्षांश-रेखांशही. लोकांच्या फोनमधले ३७ कोटींहून अधिक संपर्कही त्यात होते, म्हणजे ज्यांनी हा कीबोर्ड कधी पाहिलाही नसेल त्यांचेही नंबर. शब्द सुचवायला एवढे सगळे कशाला लागते, हे कळणे अवघड आहे.

माहिती कीबोर्ड कंपनीच्या सर्व्हरकडे जाताना वाटेतही फुटते. टोरांटो विद्यापीठाच्या सिटिझन लॅब या संशोधन गटाने २०२४ मध्ये नऊ कंपन्यांचे चिनी लिपीचे कीबोर्ड तपासले. आठ कंपन्यांच्या ॲपमध्ये टाइप केलेला मजकूर नेटवर्कवर टपून बसलेल्याला वाचता येईल अशा त्रुटी होत्या. निर्दोष ठरली एकटी हुआवे.

आयफोनवर बाहेरच्या कीबोर्डला ‘फुल ॲक्सेस’ दिला नाही तर त्याला इंटरनेट मिळत नाही, आणि पासवर्डच्या रकान्यात ॲपलचाच कीबोर्ड येतो. अँड्रॉइडवर हेलीबोर्डसारखा मुक्तस्रोत (ज्याचा कोड कुणालाही पाहता येतो असा) कीबोर्ड इंटरनेटची परवानगीच घेत नाही. बोलून टाइप करायचे असेल तर मात्र ते काम दुसऱ्या ॲपकडे सोपवावे लागते.