कात्रजच्या घाटात रुसणारा डबा

सकाळी अर्ध्या चावीत सुरू होणारी गाडी दुपारी कात्रजचा घाट चढताना जुन्या बोगद्याच्या अलीकडे बंद पडायची. बॉनेट उघडून अर्धा तास बाजूला उभं राहिलं, की जणू काही झालंच नाही अशा थाटात पुन्हा सुरू. २००४ सालची, चार सिलिंडरची, अकराशे सीसीची पेट्रोल गाडी. तिसऱ्यांदा असं झाल्यावर मेकॅनिककाकांनी निकाल दिला, "ईसीएम गेलाय साहेब. बदलून टाका."

ईसीएम म्हणजे इंजिन चालवणारा संगणक. कोणी त्याला ईसीयू म्हणतं, गॅरेजमधली पोरं नुसतं 'डबा' म्हणतात आणि दिसायलाही तो डबाच आहे. आमच्या गाडीत तो ग्लोव्ह बॉक्सच्या मागे बसवलेला होता. ॲल्युमिनियमचा, शाळेच्या टिफिनएवढा, एका बाजूला वायरींचा जाड झुबका.

हा डबा करतो काय, ते जरा हिशेबाने बघू. अकराशे सीसीचं इंजिन म्हणजे एका सिलिंडरच्या वाट्याला २७५ सीसी हवा. ही हवा भरते साधारण एक तृतीयांश ग्रॅम. पेट्रोल नीट जळायला वजनाने एका भागाला सुमारे १४.७ भाग हवा लागते, म्हणजे सिलिंडरच्या एका पाळीला पेट्रोल लागतं जेमतेम २२ मिलिग्रॅम. एखाद्या थेंबाएवढं. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर चार सिलिंडर, प्रत्येकाची पाळी दोन फेऱ्यांतून एकदा, म्हणजे असा हिशेब सेकंदाला शंभर वेळा करायचा, प्रत्येक वेळी पेट्रोल फवारणारा इंजेक्टर काही मिलिसेकंदच उघडायचा आणि ठिणगी नेमक्या क्षणी पाडायची. त्या वेगात क्रँकशाफ्ट, म्हणजे पिस्टन फिरवतात तो इंजिनाचा मुख्य दांडा, एक अंश फिरायला सेकंदाचा अठरा हजारावा भाग पुरतो.

क्रँकशाफ्ट कुठवर फिरलाय हे डब्याला कसं कळतं, त्याची युक्ती मला फार आवडते. अनेक इंजिनांत क्रँकला एक दातेरी चाक असतं. त्यावर साठ दातांची जागा असते, पण दोन दात मुद्दाम गाळलेले असतात. शेजारचा सेन्सर एकेक दात मोजत जातो आणि ती मोकळी जागा आली की डबा समजतो, एक फेरी झाली. जपमाळेतल्या मेरुमण्यासारखंच. फक्त इथे मणी वाढवलेला नाही, काढलेला आहे.

बाकी सेन्सर हवेचा दाब, हवेचं आणि पाण्याचं तापमान, ॲक्सिलरेटर किती दाबलाय ते सांगतात. सायलेन्सरच्या नळीतला ऑक्सिजन सेन्सर आधीच्या हिशेबात चूक झाली का ते कळवतो. समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवरच्या पुण्यात हवा मुंबईपेक्षा अंदाजे पाच टक्के विरळ. जुन्या गाड्यांत हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या कार्बुरेटरला हे कळायचं नाही, तो बसवला तसाच पेट्रोल ओतत राहायचा. डबा मात्र घाट चढता चढता माप बदलत जातो.

इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन बॉशने १९६७ साली डी-जेट्रॉनिक या नावाने बाजारात आणलं. इंजेक्शन आणि इग्निशन दोन्ही एकाच डब्यातून चालवणारं मोट्रॉनिक १९७९ साली आलं. आपल्याकडे २००० साली प्रदूषणाचे नियम कडक झाले आणि मग कार्बुरेटर आणि त्याचा चोक ओढायची सवय हळूहळू सुटली.

आता मूळ मुद्दा. डबा गेलाय हे ठरवायचं कसं? माझं मत असं, की गॅरेजमध्ये ज्या दोषाचा उलगडा होत नाही तो डब्याच्या माथी मारला जातो. आमचे काका मात्र नेटके निघाले. गरम झाल्यावर बंद आणि गार झाल्यावर सुरू, ही तक्रार बहुतेक वेळा क्रँक सेन्सरची असते. पण क्रँक सेन्सर गेला तर चावी फिरवल्यावर चेक इंजिनचा दिवा लागतो, पेट्रोल पंप दोन सेकंद 'घूंऽ' करतो आणि पुढे स्टार्टर मारताना इंजिनाचे फेरे दाखवणारा आरपीएमचा काटा बहुतेक वेळा जागचा हलत नाही. आमच्या गाडीत दिवाच लागत नव्हता आणि पंपही गप्प. म्हणजे डबा जागाच होत नव्हता. मग काकांनी फ्यूज बघितले, रिले बदलून बघितला, अर्थच्या वायरी घासून घट्ट केल्या आणि टेस्ट लॅम्प लावून डब्याच्या प्लगपर्यंत १२ व्होल्ट पोचतात याची खात्री केली. सेन्सरचे प्लग एकेक करून काढूनही बघितले. डबा सेन्सरांना ५ व्होल्ट पुरवतो, त्यामुळे एखादा सेन्सर आतून शॉर्ट झाला तर तो डब्यालाच आडवा पाडतो आणि निष्पाप डबा भंगारात जातो. हे सगळं झाल्यावरच त्यांनी बोट डब्याकडे दाखवलं.

नवा डबा महाग आणि इतक्या जुन्या मॉडेलचा मिळणंही मुश्कील. नाना पेठ पालथी घातली, मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात चौकशी केली. शेवटी एका भंगारवाल्याकडे त्याच मॉडेलचा डबा मिळाला. स्टिकरवरचा पार्ट नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत जुळवला. हे जुळवणं फार गरजेचं, कारण बाहेरून हुबेहूब दिसणाऱ्या दोन डब्यांत एक एसीवाल्या गाडीचा आणि दुसरा बिनएसीचा असू शकतो. बॅटरी काढून डबा बसवला, चावी फिरवली. गाडी सुरू झाली. एक सेकंद. बंद. पुन्हा एक सेकंद, बंद. डॅशबोर्डवर किल्लीचं चित्र लुकलुकत होतं.

मला वाटलं होतं, डबा बदलणं म्हणजे ट्यूबलाइटचा चोक बदलण्यासारखं. तसं ते नाही. किल्लीच्या प्लास्टिकच्या मुठीत तांदळाच्या दाण्याएवढी, बिनबॅटरीची एक चिप असते. चावी लावण्याच्या जागेभोवती तारेचं वेटोळं असतं, ते तिला दुरूनच वीज पुरवतं आणि ती आपला संकेतांक सांगते. डब्याच्या स्मृतीत नोंदलेल्या संकेतांकाशी तो जुळला तरच पेट्रोल चालू राहतं. आम्ही आणलेला डबा कुण्या अनोळखी गाडीच्या किल्लीची वाट बघत होता.

यावर इलाज आहे. ही नोंद बहुधा आठ पायांच्या एका चिमुकल्या चिपमध्ये असते. जुन्या डब्यातली चिप वाचून तो मजकूर नव्या डब्यात लिहिला, की तो आपल्या किल्लीला ओळखतो. याला क्लोनिंग म्हणतात. गाडीचोरही याच वाटेने जातात, म्हणून हे काम करणारा माणूस आरसी बुक मागत नसेल तर मला तो जरा संशयास्पद वाटतो.

डब्यात दुसराही एक मजकूर असतो, तो कंपनीत लिहिलेला. इतका वेग आणि इतका दाब असला तर इंजेक्टर किती उघडायचा, ठिणगी किती आधी टाकायची, असे मोठमोठे तक्ते. गॅरेजच्या भाषेत 'मॅप'. एकेक इंजिन टेस्ट बेंचवर बांधून, थंडीत, उन्हात, घाटात पळवून हे आकडे बसवलेले असतात. आपल्या वेताळ टेकडीवर फिरायला जाणारे ज्या एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेच्या कुंपणाशेजारून जातात, तिथे गाड्यांच्या धुराच्या चाचण्या होतात आणि त्या पार करायच्या त्या याच आकड्यांच्या जोरावर.

क्लोनिंगला देण्याआधी इलेक्ट्रॉनिक्स शिकलेला माझा भाचा म्हणाला, "मामा, आधी जुना डबा उघडून तर बघू." चार स्क्रू काढले. त्याने आधी नाक लावलं. जुन्या डब्यांत कपॅसिटर गळतात, त्यातलं रसायन तांब्याच्या रेघा खातं आणि कधी कधी त्याला मासळीसारखा वास येतो. तापमान दहा अंश वाढलं, की कपॅसिटरचं आयुष्य साधारण निम्मं होतं. १०५ अंशांना २००० तासांची हमी असलेला ६५ अंशांना ३२,००० तास टिकतो. रोज तास-दोन तास चालणाऱ्या गाडीला हे पुष्कळ झालं. आमच्या डब्यात वास नव्हता, बूड फुगलेलं नव्हतं.

मग त्याने बोर्डाला टेबलावरच १२ व्होल्ट जोडले, मल्टिमीटर ५ व्होल्टच्या टोकाला लावला आणि बहिणीचा हेअर ड्रायर आणला. आकडा स्थिर होता. तीनेक मिनिटं गरम हवा दिल्यावर ५.०१ चा थेट शून्य झाला. फुंकर मारून गार केलं, परत ५.०१. टेबलावरच कात्रजचा घाट!

भिंगाखाली कारण दिसलं. ५ व्होल्ट तयार करणाऱ्या जाड भागाच्या एका पायाभोवती सोल्डरच्या डाखात केसाएवढी गोल चीर होती. बोर्डाची फायबरची पाटी जाडीच्या दिशेने तांब्याच्या तिप्पट-चौपट फुगते. रोज गाडी तापते, रोज निवते. उन्हात काचा लावून उभी केली की आणखी एकदा. वीस वर्षं अशी ओढाताण झाल्यावर डाख पायाभोवती सुटतो. गार असताना दोन्ही कडा टेकलेल्या राहतात, तापलं की फटीएवढ्या दूर सरकतात.

भाच्याने जुना डाख काढून नवा दिला. हाताशी आहेच म्हणून तपकीर गल्लीतून दोन १०५ अंशवाले कपॅसिटर आणून तेही बदलले, खर्च एका चहाएवढा. भंगारवाल्याने डबा परत घेतला नाही, "इलेक्ट्रिकचा माल रिटर्न नाय." तो अजून माळ्यावर आहे.

बॅटरी इतके दिवस सुटी राहिल्याने डबा शिकलेलं थोडं विसरला होता. ऑक्सिजन सेन्सरच्या सांगण्यावरून तो पेट्रोलच्या मापात बारीक दुरुस्त्या करून ठेवतो, त्या पुसल्या गेल्या. पहिले दोन दिवस सिग्नलला गाडी जरा थरथरली, मग सावरली.

रविवारी भर दुपारी कात्रजला नेली. बोगद्याच्या अलीकडे, नेहमीच्या जागी, सवयीने मीच बाजूला घेतली. काटा आठशेवर शांत. तसाच पुढे निघालो.