आजीचा फोन आणि दारावर आलेली पोरगी

२०२४ची विधानसभा. औसा तालुक्यातल्या आमच्या गावी आजीच्या फोनवर उमेदवाराचा रेकॉर्ड केलेला आवाज आला. आजी म्हणाली, “कोण बोलायलाय बाबा? सोयाबीनच्या भावाचं काय केलास?” आवाज आपलंच बोलत राहिला, मग फोन बंद. दुसऱ्या दिवशी शेजारच्या गल्लीतली पोरगी मतदार चिठ्ठी घेऊन आली. ओट्यावर टेकली, पाणी प्यायली, सोयाबीनचं सगळं गाऱ्हाणं ऐकूनच उठली.

आजी मतदानाला गेली ती कुणामुळं? राजकीय मार्केटिंगच्या अभ्यासात याहून मोलाचा प्रश्न मला दिसत नाही.

उमेदवाराचा प्रचार हा स्वतंत्र धंदा झाला तो १९३३ साली, कॅलिफोर्नियात. १९५२मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षपदाचे उमेदवार आयसेनहॉवर यांच्या जाहिराती टीव्हीवर झळकल्या. साबण खपवण्याचं शास्त्र उमेदवारालाही लागू पडतं, असं मार्केटिंगचे अभ्यासक कोटलर आणि लेव्ही यांनी १९६९ साली मांडलं. आपल्याकडं २०१४मध्ये थ्रीडी सभा झाल्या, म्हणजे नेता एका जागी आणि त्याची प्रतिमा अनेक गावांत. खर्च वाढत गेला, पण त्यातून मिळालं काय, हे मोजायला कुणी फारसं बसलं नाही.

येल विद्यापीठाचे गर्बर आणि ग्रीन बसले. १९९८ साली अमेरिकेतल्या न्यू हेवन शहरातल्या सुमारे तीस हजार मतदारांचे त्यांनी चिठ्ठ्या टाकाव्यात तसे गट पाडले. मतदान करा, एवढंच सांगायचं होतं. पक्षाचं नावही नाही. काहींच्या दारी माणसं गेली, काहींना पत्रं गेली, काहींना फोन. दारी भेटलेल्यांचं मतदान आठ-नऊ टक्क्यांनी वाढलं. पत्रांनी किंचित फरक पडला, फोननं काहीच नाही. मत वळवणं तर त्याहून अवघड. अमेरिकेतल्या ४९ प्रयोगांचा २०१८ साली एकत्र हिशेब झाला, तेव्हा सार्वत्रिक निवडणुकीत प्रचारानं मत वळण्याचं प्रमाण सरासरी शून्याजवळ निघालं.

हे सगळं तिकडचं. जातीची गणितं, भावकी, गावातलं व्हॉट्सॲप असलेल्या मराठवाड्यात असंच घडेल, हे गृहीत धरणं मला पटत नाही. व्हॉट्सॲपचे निरोप तर बाहेरच्याला वाचताच येत नाहीत. पण मतदान केंद्रनिहाय आकडे निवडणूक आयोगाकडून मिळतात. त्यामुळं एका तालुक्यातली निम्मी केंद्रं चिठ्ठी टाकून निवडायची, तिथं बचत गटातल्या बायांनी घरोघर जायचं आणि उरलेल्या केंद्रांशी तुलना करायची, हा प्रयोग आपल्याकडं सहज बसतो.

अडचण आहे ती बीडच्या ऊसतोड मजुरांची. दिवाळीनंतर टोळ्या कारखान्यांवर जातात आणि २०२४ला मतदान होतं २० नोव्हेंबरला. नाव यादीत, घराला कुलूप. दारावर थाप मारायची कुणाच्या? त्यांच्याशी बोलायचं तर टोळी जमवून नेणाऱ्या मुकादमामार्फत. प्रचार थेट माणसापर्यंत न जाता आधी गाव ज्याचं ऐकतं अशा माणसाकडं जातो, असं समाजशास्त्रज्ञ लाझर्सफेल्ड यांना १९४०च्या ओहायोतल्या पाहणीत दिसलं होतं. उचल देणारा मुकादमच जेव्हा तो माणूस असतो, तेव्हा त्याचा शब्द सल्ला म्हणून ऐकला जातो की दबाव म्हणून, हे शोधायला अभ्यासकाला फडातच जावं लागेल, कोयता चालू असताना.