पळस एवढी साखर का वाटतो?

फाल्गुनात पळसाच्या झाडावर एकही पान नसतं. पान नाही म्हणजे नवी साखर तयार होणं जवळपास बंद. तरीही नेमक्या याच दिवसांत हे झाड आपल्या साठ्यातली साखर पाण्यात विरघळवून हजारो फुलांमध्ये भरून ठेवतं. या गोड रसाचा, म्हणजे मकरंदाचा, झाडाला खाण्यासाठी काहीच उपयोग नाही. तो पूर्णपणे दुसऱ्यांसाठी असतो.

पळसाचं एक फूल हातात घेऊन पाहा. देठाकडे काळपट, मखमली पेला असतो. त्याच्या तळाशी रस साठतो. वर चोचीसारखी बाकदार पाकळी, आणि तिच्या आत पुंकेसर व स्त्रीकेसर दडलेले. शिंजीर रसासाठी चोच आत घालतो तेव्हा ही पाकळी दाबली जाते आणि परागकण त्याच्या अंगाला चिकटतात. पळसावर मैना, कोतवाल, बुलबुल असे बरेच पक्षी जमतात. पण अभ्यासात परागीभवनाचं काम नीट करताना आढळले ते शिंजीरच. आणि खारसुद्धा!

झाडाला जागचं हलता येत नाही. पळसाला चांगलं बी धरायचं तर दुसऱ्या पळसाचे पराग लागतात, आणि ते आणून देणाऱ्याची ही मजुरी. मला यात सर्वांत विलक्षण वाटतं ते तिचं माप. रस फारच कमी असेल तर पाहुणा फिरकणार नाही. भरपूर असेल तर एकाच झाडावर पोट भरून तिथेच बसेल, आणि पराग त्याच झाडावर राहतील. पाहुणा यावा, पण भूक शिल्लक ठेवून पुढच्या झाडाकडे जावा, एवढाच रस फायद्याचा. हा हिशेब कोणी मांडलेला नाही. असंख्य पिढ्यांत ज्या झाडांचं माप जुळलं, त्यांचं बी जास्त पसरलं. पाहुण्यानुसार दाटपणाही बदलतो. पक्ष्यांसाठीच्या फुलांतला रस सहसा पातळ आणि भरपूर असतो, मधमाश्यांसाठीचा थोडा पण दाट.

हा रस झाडाच्या अन्नवाहिन्यांतून पाझरणारं नुसतं साखरपाणी नव्हे. मकरंदग्रंथींच्या पेशी त्यासाठी राबतात. ‘स्वीट-९’ नावाचं एक प्रथिन साखर पेशीबाहेर सोडतं, हे २०१४ मध्ये मोहरीच्या कुळातल्या वनस्पतींत आणि रानतंबाखूत दिसून आलं. ते प्रथिन नसलेल्या रोपांच्या फुलांत मकरंद तयारच झाला नाही. वापरला न गेलेला मकरंद काही फुलं परत शोषूनही घेतात, इतकी ही साखर मोलाची.

साखरेखेरीज त्यात अमिनो आम्लं असतात, आणि कधी कधी औषधंही. संत्र्या-लिंबाच्या मकरंदात किंचित कॅफीन असतं. कडू लागणार नाही इतकंच. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात मधमाश्यांना फुलाच्या गंधासोबत साखरपाणी दिलं; त्यात कॅफीन मिळालेल्या माश्यांपैकी तो गंध चोवीस तासांनी आठवणाऱ्यांची संख्या साध्या साखरपाण्यावरच्या माश्यांच्या तिप्पट भरली. गंध लक्षात राहिला की माशी त्याच जातीच्या फुलाकडे परतते, आणि पराग योग्य जागी पोचतात.

फुकटेही असतातच. काळा भुंगा कित्येक फुलांना तळाशी चीर पाडून रस पितो. परागांना त्याचा स्पर्शही होत नाही.

मकरंद फक्त फुलातच असतो असंही नाही. कपाशीचं पान उलटं करून पाहिलं तर मधल्या शिरेवर एक खळगा दिसतो. तोही गोड रस सोडतो. इथे परागांचा संबंध नाही. रसासाठी मुंग्या रोपावर फिरत राहतात आणि वाटेत सापडलेली अंडी, लहान अळ्या उचलून नेतात. पण हाच रस बोंडअळीच्या पतंगांनाही आवडतो. म्हणून शास्त्रज्ञांनी या ग्रंथीच नसलेले कपाशीचे वाण तयार केले. त्यांवर पतंगांचं खाणं तुटतं, पण राखणीला येणाऱ्या मुंग्यांचं आणि अळ्यांवर जगणाऱ्या बारीक गांधीलमाश्यांचंही तुटतं.