तर्रीने जीभ जळते, पण भाजत नाही

मे महिन्यातली सकाळ. साडेआठलाच ऊन चटके देत होतं. पुण्याहून नागपूरला आलेल्या भाच्याला घेऊन मी आमच्या नेहमीच्या पोह्याच्या गाडीवर गेलो. गाडीवाल्याने पोह्यांवर चण्याचा रस्सा घातला आणि पातेल्यावर तरंगणारा लालभडक तवंग, म्हणजे तर्री, पळीने अलगद काढून वर सोडला. तिसऱ्या घासाला पोराचं कपाळ घामाने डबडबलं, नाक वाहू लागलं. तो घटाघटा पाणी प्यायला. मग चहाचा घोट घेतला आणि कळवळलाच. "मामा, जीभ भाजली!"

जीभ बाहेर काढायला लावून मी नीट पाहिली. फोड नव्हता, चट्टा नव्हता. चहाही फार कढत नव्हता, मी तोच पीत होतो. तरी भाचा सांगत होता ते खरं होतं. त्याच्या मेंदूला अगदी तसाच निरोप गेला होता.

आपण तिखटाला चव म्हणतो. जिभेवरच्या चवीच्या पेशी मात्र पाचच गोष्टी ओळखतात: गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी, म्हणजे मटणाच्या रश्श्याला जो भरीवपणा असतो तो. तिखट त्यांना कळतच नाही. मनगटावर मीठ चोळून पाहा, काही वाटणार नाही, कारण हाताला चव नसते. पण खलबत्त्यात मिरच्या कुटून ठेचा करणाऱ्या कुठल्याही बाईला विचारा, रात्रभर हाताची कशी आग होते ते! तिखट कळतं ते चटका आणि वेदना ओळखणाऱ्या मज्जातंतूंना, आणि ते तोंडात आहेत, तसे कातडीत आणि डोळ्यांतही आहेत. आपल्या जुन्या षड्रसांत तिखटाला मानाची जागा आहे. गंमत म्हणजे तिथे तिखटाला 'कटु' म्हणतात आणि कडूला 'तिक्त'. 'कटु'चं मराठीत 'कडू' होता होता अर्थच फिरला.

या मज्जातंतूंच्या टोकांवर एक प्रथिन असतं, टीआरपीव्ही-१. त्याला दार समजा. तापमान साधारण ४३ अंश सेल्सिअसच्या वर गेलं की ते उघडतं, कॅल्शियमचे आयन आत शिरतात आणि 'भाजतंय' हा निरोप मेंदूकडे धावतो. दुपारी दोन वाजता सीताबर्डीत उन्हात उभ्या केलेल्या गाडीच्या सीटवर बसलं की हेच दार उघडतं. मिरचीतलं कॅप्सेसिन या दाराला जणू बनावट किल्ली लावतं. उष्णता नसताना दार उघडलं तरी निरोप तोच जातो, कारण मज्जातंतूला दुसरा निरोप येतच नाही. मेंदू बिचारा अंग थंड करायला घाम सोडतो. तोंडाची आग झाली असं आपण म्हणतो, ते मज्जातंतूपुरतं शब्दशः खरं आहे.

चहाचंही कोडं इथेच सुटतं. कॅप्सेसिन लागलं की हे दार ४३ अंशांची वाट पाहत नाही, त्याहून कमी तापमानालाही उघडू लागतं. मग आपल्या शरीराची ऊबसुद्धा चटक्यासारखी लागते. तिथे चहा पडल्यावर पोरगं कळवळणारच.

हे दार शोधलं अमेरिकेतल्या डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने, १९९७ साली. त्यांची रीत मला फार आवडते. त्यांनी वेदना ओळखणाऱ्या पेशींमधली हजारो जनुकं घेतली आणि मिरचीची काहीच दखल न घेणाऱ्या साध्या पेशींमध्ये थोडी थोडी करून घातली. मग वरून कॅप्सेसिन टाकलं आणि कोणत्या पेशीत कॅल्शियम वाढतं ते पाहत बसले. शेवटी एका जनुकाने जबाब दिला. पुढे पुदिन्यातल्या मेन्थॉलने उघडणारं थंडीचं दारही सापडलं, म्हणून पुदिना खाल्ल्यावर तोंडात गारवा वाटतो. २०२१ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल ज्युलियस आणि स्पर्शाची दारं शोधणारे आर्डेम पटापुटियन यांना मिळून दिलं गेलं.

पाण्याने भाच्याची आग का शमली नाही? कॅप्सेसिन तेलात विरघळतं, पाण्यात जवळजवळ नाही. तर्री म्हणजे रश्श्यावरचं तेलच, त्यामुळे तिखटाचा सगळा ऐवज त्यात उतरलेला असतो. गार पाणी तोंडात आहे तोवर बरं वाटतं, गिळलं की पुन्हा सुरू. दूध, दही किंवा ताक घ्यावं, त्यातलं केसीन नावाचं प्रथिन कॅप्सेसिनला धरून ओढून नेतं. सावजीचं मटण खाणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. त्या रश्श्यात मिरचीच्या जोडीला काळी मिरीही असते आणि तिच्यातलं पायपरीनही हेच दार उघडतं.

पोपट मात्र हिरवी मिरची करकरा खातो. पक्ष्यांमध्येही हे दार आहे आणि खऱ्या उष्णतेने ते उघडतं, पण कॅप्सेसिनची किल्ली त्याला लागत नाही. यात मिरचीचा फायदा आहे. उंदरासारखे प्राणी बिया चावून फोडतात, पक्ष्यांच्या पोटातून त्या सहसा शाबूत बाहेर पडतात आणि लांबवर रुजतात. भिवापूरच्या शेतातली मिरची लाल होते, तिखट होते, ती मुळात आपल्यासाठी नव्हेच.

भाचा आठवडाभर राहिला. रोज सकाळी गाडीवर आला आणि पाचव्या दिवशी त्याने स्वतःहून गाडीवाल्याला म्हटलं, "काका, थोडी तर्री अजून." त्याची जीभ निबर झाली नव्हती. कॅल्शियम पुन्हा पुन्हा आत शिरलं की मज्जातंतूची टोकं थकतात आणि निरोप धाडणं कमी करतात. डॉक्टर याचाच उपयोग करून घेतात. नागीण बरी झाल्यावरही काहींची कातडी कित्येक महिने जळत राहते. तिथे ८ टक्के कॅप्सेसिनची पट्टी तासभर लावून ठेवतात. आधी आग होते, मग तिथली टोकं गप्प होतात, आणि अनेकांना पुढचे काही आठवडे त्या जागेवरून सदऱ्याचं कापड घासलं तरी पूर्वीइतकं दुखत नाही.