विझर्ड की सॉर्सरर: निर्णय आधी घ्यायचा की ऐन वेळी?

डंजन्स अँड ड्रॅगन्स या फासे टाकून खेळायच्या भूमिका-खेळात जादूगार व्हायचं ठरवलं की पहिला अडथळा इथेच येतो: विझर्ड घ्यायचा की सॉर्सरर? दोघांचा हिट डाय (जीव ठरवणारा फासा) सहा बाजूंचा, म्हणजे जीव बेताचाच. चिलखताचं प्रशिक्षण दोघांनाही नाही. फायरबॉल, शील्ड, मॅजिक मिसाइल हे मंत्र दोघांच्याही यादीत आहेत. लेव्हलगणिक मिळणारे स्लॉटसुद्धा (मंत्र टाकायच्या दिवसभराच्या संधी) तंतोतंत सारखे. पाचव्या लेव्हलला दोघांकडे पहिल्या पातळीचे ४, दुसऱ्या पातळीचे ३ आणि तिसऱ्या पातळीचे २ स्लॉट असतात. (लेव्हल पात्राची, पातळी मंत्राची, या दोन गोष्टी एकमेकींत मिसळू देऊ नका.)

‘विझर्ड शिकून जादूगार होतो, सॉर्सरर जन्मतःच असतो’ हे उत्तर गोष्टीपुरतं खरं आहे, पण फासे हातात घेतल्यावर त्याचा फारसा उपयोग नाही. माझ्या मते खेळातला खरा फरक निर्णयाच्या वेळेचा आहे. विझर्ड आधी ठरवतो, सॉर्सरर ऐन वेळी. पात्र कसं बांधायचं आणि कसं खेळायचं, हे सगळं त्यावरून ठरतं.

गोंधळाची मुळं जुनी आहेत. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा हा खेळ १९७४ साली आला तेव्हा जादूगाराचा एकच वर्ग होता, मॅजिक-यूजर. सॉर्सरर आणि विझर्ड ही त्यालाच वरच्या लेव्हलला मिळणारी बिरुदं होती. सॉर्सरर स्वतंत्र वर्ग झाला तो २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत, आणि तेव्हा फरक चटकन दिसायचा. विझर्डला सकाळीच ठरवावं लागे की आज फायरबॉल किती वेळा लागेल. दोनदा हवा तर दोन स्लॉटमध्ये तोच बसवायचा, आणि टाकला की तो स्लॉट संपला. सॉर्सररला मोजकेच मंत्र यायचे, पण त्यातला कुठलाही केव्हाही टाकता यायचा. २०१४च्या पाचव्या आवृत्तीत विझर्डलाही ही मोकळीक मिळाली आणि दोघं वरवर सारखे दिसू लागले. पुढचे आकडे त्याच २०१४च्या नियमांतले आहेत. २०२४च्या सुधारित नियमांनी जिथे मोठा फरक पडतो, तिथे तसं सांगेन.

विझर्ड समजायचा तर तीन थर वेगळे करावे लागतात: मंत्रवहीत काय लिहिलंय, आज काय तयार केलंय आणि स्लॉट किती उरलेत. वहीत सुरुवातीला पहिल्या पातळीचे ६ मंत्र असतात. पुढे प्रत्येक लेव्हलला २ वाढतात, म्हणजे पाचव्या लेव्हलला किमान १४. यातले रोज किती तयार करता येतील, तर विझर्डची लेव्हल अधिक इंटेलिजन्सचा मॉडिफायर (गुणावरून मिळणारी भर). इंटेलिजन्स १८ म्हणजे मॉडिफायर ४ असेल तर पाचव्या लेव्हलला ९. (२०२४मध्ये ही संख्या मॉडिफायरवर अवलंबून नाही, तक्त्यात ठरलेली आहे.) मोठी विश्रांती झाली की ही निवड बदलता येते. त्यापलीकडे, मोहिमेत सापडलेली स्क्रोल किंवा दुसऱ्या विझर्डची वही यांतून मंत्र उतरवून घेता येतात. मंत्राच्या दर पातळीमागे ५० सोन्याची नाणी आणि २ तास लागतात. फायरबॉल तिसऱ्या पातळीचा, म्हणजे १५० नाणी आणि ६ तास.

सॉर्सररकडे हे थर नाहीत. पाचव्या लेव्हलला त्याला ६ मंत्र येतात, बस्स. विसाव्या लेव्हलला १५. लेव्हल वाढताना एक जुना मंत्र सोडून नवा घेता येतो, एरवी यादी पक्की. (२०२४मध्ये ही यादी बरीच वाढवली आहे, तरी ती रोज बदलता येत नाही.) या टंचाईच्या बदल्यात त्याला सॉर्सरी पॉइंट आणि ते खर्चून मंत्र टाकण्याची रीत बदलणारं मेटामॅजिक मिळतं. दोन पॉइंट मोजून क्विकन्ड स्पेल वापरलं की एरवी अख्खी ॲक्शन (पाळीतली मुख्य कृती) खाणारा मंत्र बोनस ॲक्शनमध्ये (जोडकृतीत) होतो. एक पॉइंट मोजून सटल स्पेल वापरलं की ना शब्द, ना हातवारे. त्यामुळे साधनवस्तू न लागणारा मंत्र शत्रूला काउंटरस्पेलने अडवता येत नाही, कारण त्याला तो होताना दिसतच नाही.

शत्रूंना झोपवणाऱ्या स्लीपचं उदाहरण घ्या. पहिल्या लेव्हलला हा मंत्र लढाई एका फटक्यात संपवतो. पण २०१४च्या नियमांत तो पाच डी८ (आठ बाजूंचे पाच फासे) इतक्याच हिट पॉइंटवर (जीवावर) चालतो, त्यामुळे शत्रू दणकट झाले की निकामी होतो. विझर्ड तो तयार करणं बंद करतो. वहीत तो राहतोच, हवा तर पुन्हा काढता येतो. सॉर्सररला मात्र लेव्हल वाढण्याची वाट बघून तो कायमचा सोडावा लागतो. म्हणूनच सॉर्सररचे मंत्र निवडताना ‘हा दहाव्या लेव्हलला मला लागेल का?’ असं विचारावं, आणि विझर्डचे निवडताना ‘हा कुठल्या दिवशी लागेल?’ असं.

दोघांमधली सगळ्यात बोलकी जागा मला पाचव्या लेव्हलचा तिसरा फायरबॉल वाटते. तिसऱ्या पातळीचे दोन स्लॉट संपले, तरी दोघांनाही अजून एक मिळवता येतो. विझर्डकडे आर्केन रिकव्हरी आहे. दिवसातून एकदा, छोट्या विश्रांतीनंतर, लेव्हलच्या निम्म्याइतक्या (वरच्या अंकाला धरून) पातळ्यांचे स्लॉट परत येतात. पाचव्या लेव्हलला तीन, म्हणजे बरोबर एक फायरबॉल. पण त्यासाठी तासभर शांतपणे बसायला मिळायला हवं, आणि पार्टीला, म्हणजे साथीदारांना, आधीच सांगून ठेवायला हवं की आपण मध्ये थांबणार आहोत. सॉर्सरर हेच भर लढाईत करतो: बोनस ॲक्शन वापरून पाच पॉइंट मोडायचे, तिसऱ्या पातळीचा स्लॉट तयार. पण पाचव्या लेव्हलला त्याच्याकडे पॉइंटच पाच असतात. तो स्लॉट घेतला की मेटामॅजिकसाठी एकही पॉइंट उरत नाही.

त्याच फायरबॉलच्या स्फोटात आपली माणसं अडकली तर? २० फूट त्रिज्येत आठ डी६ नुकसान, आणि डेक्स्टेरिटीचा सेव्ह (बचावाचा फासा) जमला तर निम्मं. एव्होकेशन शाखेच्या विझर्डला स्कल्प्ट स्पेल्समुळे एक अधिक मंत्राची पातळी, म्हणजे इथे चार साथीदार वगळता येतात, आणि त्यांना ओरखडाही येत नाही. सॉर्सररचं केअरफुल स्पेल साथीदारांचा सेव्ह आपोआप यशस्वी करतं, पण २०१४च्या नियमांत निम्मं नुकसान त्यांना सोसावंच लागतं. नवे खेळाडू ही दोन्ही एकच समजतात आणि साथीदार कोसळल्यावर वाद घालत बसतात. (२०२४मध्ये केअरफुल स्पेलने तेही नुकसान टळतं, आणि स्कल्प्ट स्पेल्स सहाव्या लेव्हलला गेलं आहे.)

गुण वाटताना विझर्डचा सर्वात मोठा आकडा इंटेलिजन्सला आणि सॉर्सररचा करिश्म्याला, हे उघड आहे. त्याचा परिणाम लढाईबाहेर जास्त जाणवतो. विझर्ड खोली तपासतो, जुन्या खुणा ओळखतो. सॉर्सरर दारावरच्या पहारेकऱ्याशी बोलतो. कॉन्स्टिट्यूशन मात्र दोघांनीही दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकावर ठेवावं, कारण फटका बसल्यावर चालू मंत्रावरची एकाग्रता टिकते ती त्याच सेव्हवर. किमान १० गाठावे लागतात, किंवा झालेल्या नुकसानाच्या निम्मे, यात जे जास्त असेल ते. सॉर्सररला या सेव्हचं प्रावीण्य मुळातच असतं, विझर्डला नाही. त्यामुळे विझर्डने एकाग्रतेचा मंत्र टाकला की लगेच आडोसा शोधायचा. मी तर म्हणेन, त्याची जागा सदैव रांगेच्या मागेच.

विझर्डची एक ताकद कायम दुर्लक्षित राहते, ती म्हणजे रिच्युअल. वहीत असलेला रिच्युअल मंत्र तयार न करता, स्लॉट न खर्चता, दहा मिनिटं जास्त देऊन करता येतो. डिटेक्ट मॅजिक, आयडेंटिफाय, फाइंड फॅमिलियर, कॉम्प्रिहेंड लँग्वेजेस हे सगळे त्यात बसतात. त्यामुळे रोजची नऊ नावं लढाईसाठी आणि अडचणींसाठी मोकळी राहतात. २०१४च्या सॉर्सररला रिच्युअल करताच येत नाहीत. कॉम्प्रिहेंड लँग्वेजेस त्याच्या यादीत आहे, पण सहापैकी एक जागा त्यावर घालवणं मला पटत नाही. अनेकदा दिसतं ते याच्या उलट: विझर्डचा खेळाडू रोज तेच मंत्र तयार करतो, सापडलेली स्क्रोल विकून टाकतो आणि मग सॉर्सररचे पॉइंट बघून हळहळतो. त्याने खरं तर मेटामॅजिक नसलेला सॉर्सररच बांधलेला असतो.

सुरुवातीला विझर्डसाठी मी हे सहा सुचवेन: शील्ड, मेज आर्मर, मॅजिक मिसाइल, स्लीप, फाइंड फॅमिलियर आणि डिटेक्ट मॅजिक. शेवटचे दोन रिच्युअल, तयार करायची गरज नाही. सॉर्सररला पहिल्या लेव्हलला दोनच मिळतात: शील्ड आणि स्लीप, त्यातला स्लीप पुढे लेव्हल वाढली की बदलायचा. ड्रॅगनचा वंश घेतला असेल तर मेज आर्मरचा विचारही करू नका, त्याच्या अंगावरच्या खवल्यांनी तोच आर्मर क्लास (बचावाचा आकडा) फुकट मिळतो.

आणि वर्ग पक्का करण्याआधी डीएमला (खेळ चालवणाऱ्या डंजन मास्टरला) दोन गोष्टी विचारा. मोहिमांच्या मध्ये वही उतरवायला वेळ मिळणार का? स्क्रोल आणि इतरांच्या वह्या सापडतील का? दोन्हींना ‘हो’ असेल तर विझर्डची वही फुगत जाते आणि सॉर्सरर त्या बाबतीत कधीच जवळ येत नाही. दोन्हींना ‘नाही’ असेल, एकामागून एक लढाया असतील आणि श्वास घ्यायला फुरसत नसेल, तर सॉर्सरर निर्धास्तपणे घ्या. विझर्डच हवा असेल तर राखीव वहीसाठी पैसे बाजूला काढा. स्वतःच्याच वहीची नक्कल स्वस्त पडते, दर पातळीमागे १० नाणी आणि १ तास. मूळ वही जळाली किंवा चोरीला गेली, तर हाती उरतात ते फक्त त्या दिवशी तयार केलेले मंत्र.