सेव्ह केलेली फाइल रिकामी का निघते?

कंट्रोल-एस दाबलं आणि काही सेकंदांतच लाइट गेली. कॉम्प्युटर पुन्हा सुरू केल्यावर फाइल जागेवर दिसते, नावही तेच, पण आकार शून्य बाइट. सेव्ह न केलेलं काम गेलं तर समजू शकतं. सेव्ह करूनही गेलं आणि सोबत कालचा मजकूरही गेला, हे कुणालाच पटत नाही. पटू नयेच, कारण हे टाळता येतं.

प्रोग्रॅम फाइल लिहितो तेव्हा मजकूर सहसा थेट डिस्कवर जात नाही. ऑपरेटिंग सिस्टिम तो रॅममध्ये ठेवून घेते, प्रोग्रॅमला ‘झालं’ असं कळवते आणि डिस्कवर नंतर सवडीने उतरवते. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये ही सवड मूळ सेटिंगनुसार साधारण 30 सेकंदांची असते. डिस्क रॅमपेक्षा कितीतरी संथ असल्याने बारीकसारीक बदल साठवून एकदम लिहिले, तर सगळंच काम वेगाने होतं. पण त्या मधल्या वेळेत वीज गेली की रॅममधलं सगळं पुसलं जातं. शिवाय वेग साधण्यासाठी लिहिण्याचा क्रमही बदलला जातो. खरा घात बहुतेक वेळा तिथेच होतो.

2009 च्या सुरुवातीला लिनक्सच्या जगात यावरून मोठा वाद झाला. ईएक्सटी-4 ही फाइल सिस्टिम, म्हणजे डिस्कवर फाइली कुठे आणि कशा ठेवायच्या हे सांभाळणारी व्यवस्था, 2008 च्या डिसेंबरमध्ये वापरायला तयार म्हणून जाहीर झाली होती. उबुंटू या लिनक्सच्या एका लोकप्रिय प्रकाराची येऊ घातलेली आवृत्ती तपासून पाहणाऱ्यांना क्रॅशनंतर केडीई या लिनक्सवरच्या डेस्कटॉपच्या सेटिंगच्या फाइली शून्य बाइटच्या सापडू लागल्या. जुनी ईएक्सटी-3 दर 5 सेकंदांनी साठलेलं लिहून मोकळी व्हायची. नवी फाइल सिस्टिम मजकुराला डिस्कवर जागा द्यायचं कामच लांबणीवर टाकायची. काही प्रोग्रॅम सेव्ह करताना आधी जुनी फाइल रिकामी करत आणि मग नवा मजकूर भरत. रिकामं केल्याची नोंद डिस्कवर पोचली, मजकूर रॅममध्येच राहिला, आणि मधेच मशीन बंद पडलं.

फाइल सिस्टिमचे प्रमुख विकासक थिओडोर त्सो यांचं म्हणणं होतं, की मजकूर डिस्कवर हवाच असेल तर प्रोग्रॅमने ‘एफसिंक’ हा आदेश द्यायला हवा. तो दिल्याशिवाय नियमांत कसलीच हमी नाही. नियमाप्रमाणे ते बरोबर होतं. पण वर्षानुवर्षं चाललेली सवय वापरणाऱ्याच्या फाइली घेऊन बुडत असेल, तर नियमावर बोट ठेवून भागत नाही, असं मला वाटतं. शेवटी त्सो यांनीच लिनक्सच्या 2.6.30 आवृत्तीत अशा सेव्हना ओळखून मजकूर लगेच डिस्कवर पाठवायची सोय केली.

सेव्ह करायची सुरक्षित रीत साधी आहे. जुन्या फाइलला हात लावायचा नाही. नवा मजकूर शेजारी तात्पुरत्या नावाच्या फाइलमध्ये लिहायचा, एफसिंकने तो डिस्कवर पोचल्याची खात्री करायची आणि मगच तिला जुन्या फाइलचं नाव द्यायचं. हा नावबदल एक तर पूर्ण होतो, नाहीतर होतच नाही. वीज कुठल्याही क्षणी जावो, जुनी किंवा नवी यांतली एक प्रत अख्खी हाती लागते. वर्डसारखे प्रोग्रॅमही आधी तात्पुरती फाइल लिहून मग नाव बदलतात. ते गरजेचंच आहे, कारण वर्डची डॉकएक्स (.docx) फाइल म्हणजे आतून एक झिप असते आणि झिपमधल्या मालाची यादी अगदी शेवटी लिहिलेली असते. शेवटचा तुकडा गेला, तर आधीचा मजकूर शाबूत असूनही फाइल नीट उघडत नाही.

आता जर्नलबद्दल. विंडोजची एनटीएफएस 1993 पासून जर्नल ठेवते, ईएक्सटी-4 ही ठेवते. दुकानदार व्यवहार आधी रोजकीर्दीत टिपतो आणि मग खतावणीत चढवतो, तसं फाइल सिस्टिम काय बदलणार ते आधी जर्नलमध्ये लिहिते. काम अर्धवट राहिलं, तर पुन्हा सुरू होताना ती नोंद वाचून हिशेब जुळवते. त्यामुळे अख्खी डिस्क तपासत बसावं लागत नाही. मात्र ही नोंद सहसा फाइलची नावं, आकार आणि जागा यांचीच असते, आतल्या मजकुराची नाही. म्हणून जर्नल असलेली डिस्क क्रॅशनंतर सुखरूप उघडते आणि तुमचा अहवाल तरीही अर्धा असू शकतो. ‘जर्नल आहे, मग चिंता नाही’ हा समज चांगल्या जाणकारांमध्येही आढळतो.

डिस्कच्या आतही स्वतःची छोटी मेमरी असते. तिथे पोचलेला मजकूर कायमचा लिहिला गेलेला असेलच असं नाही. सर्व्हरसाठीच्या अनेक एसएसडींमध्ये म्हणून कपॅसिटर बसवलेले असतात. वीज गेल्यावर हातातलं लिहून संपवण्यापुरती ऊर्जा ते पुरवतात. घरच्या डिस्कमध्ये ते क्वचितच असतात.

डेस्कटॉप असेल तर यूपीएस लावाच. साध्या इन्व्हर्टरला वीज बदलायला लागणारा क्षणही काही मशीनना पुरेसा असतो, ती रीस्टार्ट होतात. पेन ड्राइव्ह ‘इजेक्ट’ करूनच काढा. त्या आदेशाने रॅममध्ये राहिलेलं तिच्यावर उतरतं. लिबरऑफिसमध्ये प्रत्येक सेव्हच्या वेळी आधीची प्रत राखून ठेवायचा पर्याय आहे, तो चालू करा. आणि क्रॅशनंतर फाइल उघडली नाही, तर तिच्यावर लगेच काहीही सेव्ह करू नका. आधी तिची प्रत काढा आणि दुरुस्तीचे सगळे प्रयत्न त्या प्रतीवर करा.